तिकिटामागची बाकी

मी साताऱ्याच्या एसटी आगारात ३२ वर्षे वाहक होतो आणि २०१७ साली निवृत्त झालो. माझी धाकटी मुलगी गेली ११ वर्षे एका खासगी विमान कंपनीत केबिन क्रू आहे, आणि त्यातली शेवटची ४ वर्षे ती ‘लीड’ म्हणून, म्हणजे केबिनमधल्या चौघांची प्रमुख म्हणून उडते. आम्ही दोघेही चालत्या वाहनात उभे राहून भाकरी मिळवणारी माणसे असल्यामुळे घरात कामाच्या गोष्टी निघतात, पण त्या बहुधा वादात संपतात. तिचे म्हणणे असे की तुम्हाला निदान हसावे लागत नव्हते; माझे म्हणणे असे की तुला निदान गर्दीत चेंगरत, एका हाताने दांडा धरून हिशेब करावा लागत नाही. हा वाद एकदा प्रत्यक्ष पाहून मिटवावा, असे ठरवून या जानेवारीत मी तिच्या चार दिवसांच्या ड्युटीबरोबर फिरलो. कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना स्वस्तात तिकीट मिळते, मात्र विमानात जागा उरली तरच बसायला मिळते, अशी त्याची बोली असते. तिने माझ्यावर एकच अट घातली होती. “बाबा, काहीही झालं तरी जागेवरून उठायचं नाही आणि मध्ये बोलायचं नाही.”

पहिला दिवस : मुंबई, कोलकाता, गुवाहाटी

पहाटे अडीचला मला जाग आली तेव्हा ती आरशासमोर उभी होती. केस मागे ओढून अंबाडा, अंबाड्यावर जाळी, जाळीला आकडे. एकही बट सुटलेली चालत नाही, आणि ओठांच्या रंगापासून नखांच्या लांबीपर्यंत सगळे कंपनीने ठरवून दिलेले असते. “एवढ्या पहाटे कोण बघतंय?” असे मी विचारल्यावर ती म्हणाली, “बघतात ना, आणि गुणही देतात.” दहीभाताचे चार घास उभ्यानेच खाऊन ती खाली आलेल्या गाडीत बसली. मी तासाभराने रिक्षाने निघालो.

उड्डाणापूर्वी या लोकांची एक छोटी बैठक होते. तिथे श्वासाची चाचणी होते आणि प्रत्येकाला सुरक्षेवर प्रश्न विचारतात : शौचालयातून धूर येऊ लागला तर आधी काय करायचे, दाराची स्लाइड, म्हणजे संकटात बाहेर पडायची घसरगुंडी, उघडली नाही तर काय करायचे. उत्तर चुकले तर त्या दिवशी उडता येत नाही. चहा कसा द्यावा, असा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. विमानात हे चौघे कशासाठी असतात, याचे उत्तर कायद्यातही तेच आहे. आपल्याकडे दर ५० आसनांमागे एक केबिन कर्मचारी असावा लागतो. १८६ आसनांच्या विमानात म्हणून चार. विमानाला मान्यता देताना अर्धीच दारे वापरून सगळी माणसे ९० सेकंदांत बाहेर काढून दाखवावी लागतात आणि ती बाहेर काढणारे हेच हात असतात. ट्रॉली त्याच हातांकडे नंतर येते, पण प्रवाशाला दिसते ती ट्रॉलीच.

मुंबईहून निघताना मला शेवटच्या रांगेत, शौचालयाला लागून जागा मिळाली. माझ्या शेजारी एक वृद्ध बंगाली जोडपे होते. गृहस्थ परळला टाटा रुग्णालयात उपचार घेऊन परत चालले होते. तासाभराने त्यांना घाम फुटला आणि हात थरथरू लागले. बाईंनी घाबरून ट्रॉलीवरच्या मुलीकडे काहीतरी गोड खायला मागितले. त्यांच्याकडे नोटा होत्या. कंपनी विमानात रोख पैसे घेत नाही. कार्ड नव्हते. फोनवरून पैसे द्यायचे तर आकाशात इंटरनेट नाही. ट्रॉलीवरची मुलगी नवखी होती, ती पुढून माझ्या मुलीला बोलावून घेऊन आली.

पुढची तीन-चार मिनिटे मी हाताच्या अंतरावरून पाहिली. मुलीने आधी गृहस्थांच्या कपाळाला हात लावला, त्यांना मधुमेह आहे का ते विचारले, पाण्यात साखरेच्या दोन पुड्या ढवळून त्यांना पाजल्या. हे सगळे तिने एका शब्दानेही कुणाला न विचारता केले, कारण ते प्रथमोपचारात बसते. पण बाई सँडविच मागत होत्या, आणि ट्रॉलीवरचे प्रत्येक सँडविच मोजलेले असते. संध्याकाळी त्याचा हिशेब लागतो, आणि जे कमी भरेल त्याचा खुलासा लीडला द्यावा लागतो. तिने तीन वेळा हसून “सॉरी, मॅम” म्हटले आणि तिसऱ्या वेळचे हसू मी ओळखले. लहानपणी शाळेत पाहुण्यांसमोर कविता म्हणताना ती तसे हसत असे. मग ती मागे गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेली आणि स्वतःच्या वाट्याच्या जेवणातला पाव आणि केळे घेऊन आली. स्वतः कोलकात्यापर्यंत उपाशी राहिली.

मला त्या क्षणी माझ्या तिकिटांचा ट्रे आठवला. सुट्टे नसले की आम्ही तिकिटाच्या मागे बाकीची रक्कम लिहून देत असू आणि उतरताना ती चुकती करत असू. कुणी पोरगी परीक्षेला निघालेली असे आणि पैसे घरी विसरलेली असे, तर तिचे तिकीट मी फाडत असे आणि पैसे आपल्या खिशातून बॅगेत टाकत असे. नियम माझ्याही मागे होते, तपासणीस कुठल्याही फाट्यावर हात दाखवून गाडी थांबवत. पण तिकिटामागे पेन्सिलीने लिहिण्याइतकी जागा माझ्या अखत्यारीत होती. तिच्याकडे ४० टनांहून जड विमानातल्या सगळ्या माणसांच्या जिवाची जबाबदारी आहे, आणि एका सँडविचची मुखत्यारी नाही.

कोलकात्याला विमान रिकामे झाले आणि पुढच्या टप्प्यासाठी मला पहिल्या रांगेतली कडेची जागा मिळाली. दार माझ्यासमोर चार पावलांवर होते. तिथे उभी राहून ती येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करत होती. डोकी मोजण्याची माझी सवय सुटलेली नाही, त्यामुळे मी मोजत राहिलो. १५८ माणसे चढली. ३१ जणांनी तिला उलट नमस्कार केला किंवा मान हलवली. बाकीच्यांपैकी बरेच जण कानातल्या यंत्रावर बोलत होते, काही जण तिकिटावरचा क्रमांक पुटपुटत होते आणि एकाने तिच्या जोडलेल्या हातांत आपली बॅग दिली. तिचे हसू १५८ व्या माणसापर्यंत तसूभर कमी झाले नाही, हे मात्र मला मान्य करावे लागले. माझा आवाज साठाव्या तिकिटाला चढत असे.

उड्डाणाच्या वेळी ती माझ्यासमोर, आमच्याकडे तोंड करून भिंतीतल्या घडीच्या आसनावर बसली. खांद्यांवरून पट्टे, पाठ ताठ, तळहात मांड्यांखाली. विमान धावू लागले तसे तिचे डोळे आमच्यावर होते, पण ती आम्हाला पाहत नव्हती; ओठ किंचित हलत होते. मला वाटले, देवाचे नाव घेते आहे. गुवाहाटीत विचारल्यावर ती हसली. “देवाचं कुठलं? तीस सेकंदांची उजळणी असते ती. डावीकडे आग लागली तर कुठलं दार, पाण्यात उतरलो तर काय, ओरडून कुठले शब्द बोलायचे. आणि दार अडलं तर मदतीला कुणाला हाक मारायची.” मदतीला कुणाला हाक मारायची, हे तिला कसे ठाऊक, असे मी विचारले. “नमस्कार करताना बघून ठेवते ना. दणकट कोण आहे, प्यालेलं कोण आहे, कुणाला धाप लागलीय, कुणाच्या हाताला प्लास्टर आहे. चौथ्या रांगेत फौजेतले दोघे होते. ते माझे.”

त्या १५८ नमस्कारांकडे मी फुकट गेलेले म्हणून पाहत होतो, आणि ती त्यातून माणसे निवडत होती. नमस्कार कंपनीने लावून दिला आहे. त्याचा हा उपयोग मात्र तिच्या कामाचा, तिच्या डोळ्यांचा आहे.

ती क्रूच्या हॉटेलात गेली आणि मी पलटन बाजारात एक लॉज पाहिले.

दुसरा दिवस : गुवाहाटी

इथे जानेवारीत पावणेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि सकाळही तशीच लवकर होते. मी उजाडताच नीलाचल टेकडीवर कामाख्येचे दर्शन घेऊन आलो. मुलगी दुपारी बारापर्यंत झोपली होती. तीन रात्रींत तीन वेगवेगळ्या गाद्यांवर आणि वेगवेगळ्या वेळी झोपायचे असल्यामुळे या लोकांची झोप हीही एक ड्युटीच असते. जेवणानंतर ती, तिच्याबरोबरची कालची नवखी मुलगी आणि मी असे तिघे कचारी घाटावर गेलो आणि होडीने उमानंदाच्या बेटावर निघालो. हिवाळ्यात ब्रह्मपुत्रेच्या पात्रात वाळूची बेटे उघडी पडतात. तरीही कृष्णेच्या काठच्या माणसाला पलीकडचा तीर पाहून हा समुद्र की नदी, असा प्रश्न पडतो.

नवखी मुलगी मूळची इंफाळची आणि मुक्त विद्यापीठातून समाजशास्त्रात पदवी करते आहे. तिने होडीत मला एक नवा शब्द शिकवला : भावनिक श्रम. अमेरिकेतल्या आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी डेल्टा या विमान कंपनीतल्या हवाई सेविकांचे प्रशिक्षण जवळून पाहिले आणि १९८३ साली त्यावर पुस्तक लिहिले, त्यातून हा शब्द रूढ झाला. पगारासाठी हातपाय राबतात तशा भावनाही राबवाव्या लागतात, आणि त्या राबवण्याच्या दोन रीती आहेत. एकीत चेहऱ्यापुरते हसायचे. दुसरीत समोरच्या माणसाविषयी स्वतःला काहीतरी समजावून आतूनच हसू आणायचे. विमान म्हणजे आपली बैठकीची खोली आहे आणि हा तिरसट माणूस आपला पाहुणा आहे, असे मानायचे. “आम्हाला हेच शिकवतात, अंकल,” ती म्हणाली. “रागावलेल्या प्रवाशाच्या घरी कुणीतरी गेलं असेल, असं समजायचं. मी एका उड्डाणात सात जणांच्या घरची माणसं मारते.”

त्याच बाईंनी दुसऱ्या टोकाला थकबाकी वसूल करणाऱ्यांचाही अभ्यास केला होता. त्यांना पगार मिळतो तो करडेपणाचा. कुणाची दया आली तरी ती गिळावी लागते. हे ऐकून मुलगी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “हे बघ, हे त्या टोकाचे.” मी विचार केला तेव्हा ते अगदी खोटे वाटले नाही. ‘पुढे सरका, पुढे सरका’ हा माझा करडा आवाज निम्मा तरी घोटवलेला होता आणि तो घरी सोडवता सोडवत नसे. हिची आई त्याची साक्षीदार आहे.

इंफाळच्या मुलीला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतो की तू कुठल्या देशाची. ती हसून “भारताची” असे सांगते. हे हसू तिला सगळ्यांत महाग पडते, कारण इथे समजूत घालायला काही सापडत नाही. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान कोसळले तेव्हा त्यातल्या दहा केबिन कर्मचाऱ्यांत मणिपूरच्या दोन मुली होत्या. आमच्याकडचेही कर्मचारी होते, डोंबिवली, पनवेल, बदलापूर ही गावे त्या दिवशी बातम्यांत आली. दुसऱ्या दिवशी या दोघींचीही ड्युटी होती. प्रवासी दारातच विचारत होते, “मॅडम, हे विमान बरं आहे ना?” आणि त्या हसून “हो सर” म्हणत होत्या. माझ्या मुलीने त्या रात्री मला फोन केला होता आणि पाच मिनिटे बाजारभावाविषयी बोलली होती. मीही बाजारभावाविषयीच बोललो.

परतीच्या होडीत २०२२ च्या डिसेंबरातली गोष्ट निघाली. इस्तंबूल ते दिल्ली उड्डाणात जेवणावरून झालेल्या वादात एका कर्मचारी मुलीने प्रवाशाला, मी कर्मचारी आहे, तुमची नोकर नाही, असे सुनावले होते आणि त्याचे चित्रीकरण देशभर फिरले होते. बहुतेक लोकांनी तिची बाजू घेतली. या दोघींचे मत निराळे होते. तिचे बरोबरच होते, पण ते वाक्य बोलायला तिला इतके ताणले जावे लागले, याची कुणी चौकशी केली नाही. लीडला दहा मिनिटे आधी “या प्रवाशाला यापुढे सेवा मिळणार नाही” एवढे थंडपणे सांगण्याची मुभा असती तर गोष्ट तिथवर गेली नसती. मी म्हटले, एकेकट्याला ‘नाही’ म्हणता येत नाही तिथे सगळे एकदम आजारी पडतात. २०२४ च्या मे महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये तसेच घडले होते : मोठ्या संख्येने केबिन कर्मचारी आजारपणाच्या रजेवर गेले, शंभराहून अधिक उड्डाणे रद्द झाली, २५ जण बडतर्फ झाले आणि मुख्य कामगार आयुक्तांसमोर बोलणी होऊन त्यांना परत घेतले गेले. सामुदायिक रजा म्हणजे काय, हे एसटीच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

इंफाळच्या मुलीचे यंदा लग्न आहे. त्यावरून मी त्यांना नर्गेश मिर्झा खटल्याची हकीकत सांगितली. आमच्या संघटनेचे वकील शिबिरात ती नेहमी सांगत. एअर इंडियाच्या तेव्हाच्या नियमांनुसार हवाई सेविकेची नोकरी वयाच्या ३५ व्या वर्षी, किंवा पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास, किंवा पहिल्या गरोदरपणात, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा संपत असे. पस्तिशीनंतर मुदत वाढवायची की नाही, ते व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट आणि ती मर्जी, दोन्ही घटनाबाह्य ठरवून काढून टाकल्या. चार वर्षे लग्न न करण्याची अट मात्र कायम ठेवली. माझ्या मुलीला पाच वर्षांचा मुलगा आहे आणि त्याच्या जन्मानंतर ती पुन्हा त्याच दारात उभी राहिली. दोघींनीही हा निकाल ऐकलेला नव्हता. प्रशिक्षणात अंबाड्यासाठी पूर्ण दिवस असतो म्हणे.

संध्याकाळच्या दिल्लीच्या विमानात मला जागा मिळाली नाही. विमान भरलेले होते. मी पुढच्या विमानाने रात्री उशिरा पोचलो, त्यामुळे त्या उड्डाणाविषयी मला काही लिहिता येणार नाही.

तिसरा दिवस : दिल्ली, कोची

सकाळी दिल्लीत असे धुके होते की विमानाच्या खिडकीतून पंखाचे टोक दिसत नव्हते. आम्ही साडेआठला चढलो, दार लागले आणि विमान जागेवरच उभे राहिले. उड्डाणांची रांग लागली होती. दार उघडून माणसे उतरवली तर रांगेतला क्रमांक जाईल, म्हणून उघडायचे नाही आणि निघायचेही नाही. पहिला तास शांततेत गेला. दुसऱ्या तासात मुले रडू लागली. माझी मुलगी दर २० मिनिटांनी वैमानिकाला विचारत होती आणि दर २० मिनिटांनी तेच वाक्य नव्या आवाजात आम्हाला सांगत होती. तिने दोनदा पाणी फिरवले. एका तान्ह्या मुलाच्या आईला तिने पुढच्या गॅलीत पडदा ओढून उभे राहू दिले. एका म्हाताऱ्या गृहस्थांना कोचीत पुढचे विमान पकडायचे होते. त्यांचा कागद घेऊन ती आत बोलून आली.

या वेळेचा हिशेब मी तिला नंतर विचारला. मूळ पगाराखेरीज यांना उडण्याचा भत्ता तासावर मिळतो, आणि तो तास विमानाची चाके हलली की सुरू होतो. जागेवर उभ्या असलेल्या विमानातले ते अडीच तास, आणि तसेच प्रवासी चढवण्या-उतरवण्याचा रोजचा वेळ, त्या भत्त्यात धरला जात नाही. ही रीत जगभर अनेक ठिकाणी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या दहा हजारांहून अधिक केबिन कर्मचाऱ्यांनी याच मुद्द्यावर संप केला, सरकारने कामावर परतण्याचा आदेश काढल्यावरही ते पहिल्यांदा परतले नाहीत, आणि झालेल्या समझोत्यात जमिनीवरच्या कामालाही मोबदला मान्य झाला. डेल्टाने तर २०२२ पासून प्रवासी चढण्याच्या वेळेचे अर्ध्या दराने पैसे द्यायला सुरुवात केली होती.

अकराच्या सुमाराला विमान अखेर हलले. रांगेत सरकत असतानाच नवव्या रांगेतला एक चाळिशीचा गृहस्थ पट्टा सोडून उभा राहिला आणि फोन समोर धरून चित्रीकरण करत पुढे आला. त्याला उतरायचे होते. मुलगी पट्ट्यात बसलेली होती. तिने बसूनच त्याला विनंती केली. तो आणखी पुढे आला आणि म्हणाला, “अशी काय बघतेस? हसून बोल. हसण्याचेच पैसे मिळतात ना तुला?”

मी तिसऱ्या रांगेत होतो. माझे हात पट्ट्याच्या कडीवर गेले होते, हे मी इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. माझ्या गाडीत हे घडले असते तर मी एक घंटा मारून गाडी थांबवली असती आणि पुढची डबल बेल पोलीस ठाण्याच्या दारातच दिली असती.

तिने तिच्या जागेवरून एकच वाक्य उच्चारले. आवाज मोठा होता पण रागाचा नव्हता. तो पोटातून येत होता आणि मी तो आजवर ऐकलेला नव्हता. “सर, खाली बसा. आत्ता.” चेहऱ्यावर हसण्याचा मागमूस नव्हता. १७० माणसे गप्प झाली. तिने फोन उचलून वैमानिकाला काहीतरी सांगितले आणि विमान थांबले. मग ती उठून त्याच्यापर्यंत गेली, दोन पावलांवर थांबली, आणि हळू आवाजात त्याला तीन गोष्टी सांगितल्या : चालत्या विमानात क्रूची सूचना न मानणे हा गुन्हा आहे, २०१७ पासूनच्या नियमांत शाब्दिक गैरवर्तनाला तीन महिन्यांपर्यंत, अंगावर हात टाकल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि जिवाला धोका आणल्यास दोन वर्षे किंवा त्याहून जास्त बंदी येते, आणि आपण आत्ता पहिल्या पायरीवर आहात. तो बसला. त्याचा शेजारी त्याचा पट्टा शोधून देऊ लागला.

विमान परत न्यायचे की पुढे जायचे, हे वैमानिकाने तिलाच विचारले होते. अंतिम निर्णय त्याचा, पण केबिनमध्ये काय चालले आहे ते त्याला दिसत नाही, त्यामुळे तिच्या शब्दावर तो चालतो. परत गेलो असतो तर रांगेतला क्रमांक जाऊन क्रूच्या ड्युटीची मर्यादा ओलांडली असती आणि उड्डाणच रद्द झाले असते. तो माणूस प्यालेला नव्हता, हात रिकामे होते, आणि बसताना त्याने मान खाली घातली होती. तिने एवढे पाहून “पुढे जाऊ” असे सांगितले, आणि नवव्या रांगेच्या दोन्ही बाजूंना कोण बसले आहे ते इंफाळच्या मुलीला नजरेत ठेवायला सांगितले. हे सारे मिनिटभरात झाले. वर गेल्यावर ट्रॉली घेऊन ती स्वतः नवव्या रांगेत गेली आणि त्याला विचारले, “सर, चहा की कॉफी?” तिने कॉफी ओतताना मी तिच्या हाताकडे पाहत होतो. पेला स्थिर होता.

कोचीला आम्ही दुपारी उतरलो. मला वाटले होते की ती खोलीत जाऊन दार लावून घेईल. पण संध्याकाळी ती माझ्या लॉजवर आली, आप्पम आणि अंड्याचा रस्सा दोनदा मागवला, आणि तासभर हातवारे करून त्या मिनिटाची हकीकत मला पुन्हा सांगितली, जणू मी तिथे नव्हतोच. मी तिला म्हटले की एवढी शिवी खाल्लीस आणि दमलेली दिसत नाहीस. ती थोडा वेळ गप्प राहिली. “परवा दमले होते, बाबा. त्या आजोबांच्या सँडविचला.”

मला तिच्या नोकरीतले काही समजले असेल तर ते त्या एका उत्तरात समजले. आमचा वाद हसण्यावर होता. ती दमली होती ती वेगळ्याच गोष्टीने, आणि ती गोष्ट मला नोकरीभर पुरेशी मिळालेली असल्यामुळे तिचे मोल मला ठाऊक नव्हते.

चौथा दिवस : कोची, मुंबई, आणि पुढे सातारा

मुंबईचे उड्डाण दोन तासांचे आणि काहीही न घडणारे होते. उतरताना दारात तिने मला “धन्यवाद, सर” म्हटले; विमानात मी तिला सरच असतो.

घरी जाताना गाडीतच तिच्या फोनवर कंपनीचे पत्र आले. नवव्या रांगेतल्या गृहस्थाने ‘कर्मचाऱ्याचे वर्तन उद्धट होते आणि चेहऱ्यावर सौजन्य नव्हते’ अशी तक्रार केली होती आणि तिला २४ तासांत खुलासा द्यायचा होता. साक्षीला मी आहे, असे म्हटल्यावर ती म्हणाली, “नातेवाइकाचा जबाब चालत नाही.” मग जबाब लिहिण्याचा माझा अनुभव तरी कामी यावा, म्हणून मी तिला दोन गोष्टी सांगितल्या : विशेषणे घालू नयेत, आणि प्रत्येक वाक्यात वेळ घालावी. ‘१०.५८ : प्रवासी उभा राहिला. १०.५९ : तोंडी सूचना. ११.०० : वैमानिकास कळवले.’ तिने अंगठ्याने भराभर लिहिले आणि मला दाखवले. वर पहिलीच ओळ दिलगिरीची होती. ती कशाला, असे मी विचारले आणि खोडायला सांगितले. तिने मला फोनचा पडदा दाखवला. ती ओळ नमुन्यात आधीपासून छापलेली असते. तिच्यावर बोट ठेवले तरी ती हलत नाही. खुलासा तिच्याखालून सुरू होतो.

संध्याकाळी तिने मला चेंबूरला मैत्री पार्कच्या थांब्यावर सोडले. साताऱ्याची गाडी भरून आली होती. वाहक तरुण होता, दाराशी उभा राहून माणसे आत ढकलत होता. चार दिवसांची सवय लागलेली, म्हणून चढताना मी त्याच्याकडे पाहून हात जोडले आणि नमस्कार म्हणालो.

त्याने क्षणभर माझ्याकडे संशयाने पाहिले. “काका, अर्धं तिकीट का? आधार काढून ठेवा. आणि सुट्टे द्या, नसतील तर बाकी उतरताना घ्या.”